वकिलीला अर्ज कुठे करायचा? आधी कोर्ट ठरवा, मग कॉलेज

अष्टमीच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना एक प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. मुलीला लॉला घालायचं आहे, फॉर्म कुठे भरायचा? अलिबागला, पनवेलला, मुंबईला, की ते क्लॅट का काय म्हणतात ते द्यायचं? मी कोर्टाच्या बातम्या करतो म्हणून लोकांना वाटतं याला ठाऊक असणार. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या उत्तर देऊन भागत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. घरात बारावीचं मूल असेल तर वेळ काढून वाचा.

सुरुवात इतिहासापासून करतो, कारण हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि जुन्या लोकांनी तो कसा सोडवला हे पाहिलं की आजचा गोंधळ बराच कमी होतो.

मुंबईत कायद्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं १८५५ साली. सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. ते निवृत्त झाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी काढली आणि त्या पैशातून कायद्याच्या प्राध्यापकाची जागा निर्माण झाली. एल्फिन्स्टनमध्ये वर्ग भरू लागले. त्याचंच पुढे गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज झालं. चर्चगेटला आज उभं आहे तेच, आशियातलं सगळ्यात जुनं म्हणून ओळखलं जाणारं. सात वर्षांनी, १८६२ मध्ये, मुंबई हायकोर्ट आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळात सगळे वकील सारखे नव्हते. लंडनला जाऊन इन्स ऑफ कोर्टमध्ये नाव घालून जो यायचा तो बॅरिस्टर. मुंबई शहरातले बड्या पेढ्यांचे, मोठ्या मालमत्तांचे दावे हायकोर्टाच्या मूळ शाखेत थेट दाखल होत. तिथे बॅरिस्टरांचं राज्य, आणि त्यांच्याकडे काम यायचं सॉलिसिटरमार्फत. इथेच शिकून एल्एल.बी. झालेला वकील मुख्यतः हायकोर्टाच्या अपील शाखेत उभा राहायचा, जिथे जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिलं येत. आणि एल्एल.बी. परवडत नसे, त्याच्यासाठी प्लीडरची परीक्षा होती. ती पास झाला की जिल्ह्याच्या, तालुक्याच्या कोर्टात काम करायची सनद मिळायची.

म्हणजे कुठे शिकायचं हे ठरलं की कुठल्या कोर्टात उभं राहायचं, कोणाचे दावे चालवायचे आणि किती कमवायचं हेही बहुतांशी ठरून जायचं. कागदावर हा फरक आज उरलेला नाही. व्यवहारात तो किती उरला आहे, ते पुढे सांगतो.

गांधीजींचंच बघा. १८८८ साली भावनगरच्या कॉलेजात त्यांचं मन लागेना. घरचे जुने स्नेही मावजी दवे यांनी सल्ला दिला तो अगदी आजच्या पालकांसारखा, हिशोबाचा. इथे बी.ए. व्हायला चार-पाच वर्षं, त्यातून साठ-एक रुपयांची नोकरी. पुढे कायदा करायचा तर आणखी वर्षं, आणि तोवर वकिलांची गर्दी झालेली असेल. विलायतेत तीन वर्षांत बॅरिस्टर होतो, खर्च चार-पाच हजार. वडिलांची दिवाणगिरी घरात टिकवायची तर हाच रस्ता. कुठलं कॉलेज उत्तम शिकवतं हा विचार त्या बैठकीत कुठेच नव्हता. वेळ, पैसा आणि शेवटी बसायचं कुठे, एवढंच. आणि तरीही परत आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच दाव्यात त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. बिरुद लंडनचं होतं, पण इथल्या कोर्टाची सवय नव्हती.

टिळकांनी उलटा रस्ता धरला. एल्एल.बी. झाले १८७९ ला, पण वकिली केलीच नाही. मात्र १८९०च्या सुमारास डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर चरितार्थासाठी पुण्यात कायद्याचा खाजगी वर्ग काढला. हायकोर्ट आणि जिल्हा प्लीडरच्या परीक्षांची तयारी तिथे करून घेत. मुंबई इलाख्यातला असा तो पहिला वर्ग. आजच्या भाषेत सांगायचं तर लोकमान्यांनी कोचिंग क्लास चालवला! गंमत सोडा, पण यातून एक दिसतं. मोठ्या शहरात राहून शिकणं ज्यांना जमत नव्हतं, त्यांना कोर्टापर्यंत पोचायला असा एक जवळचा रस्ता लागत होता, आणि मुफसलातले कितीतरी वकील प्लीडरच्या त्या परीक्षेतूनच आले.

आपल्या रोह्याशी नातं असलेले सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, हे वकिलाचे चिरंजीव. १८९६ चा जन्म, महाडजवळच्या नात्याचा. १९१२ ला मॅट्रिकला पहिले आले आणि पुढे केंब्रिजला गेले ते शास्त्र शिकायला. वकिलाच्या पोराने वकीलच व्हायला हवं असं नाही, एवढ्यासाठी हे मध्येच सांगितलं. असो.

आता आपल्याच जिल्ह्यातला दावा घ्या. आज रायगड म्हणतो त्या तेव्हाच्या कुलाब्यातलं महाड. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला यायच्या आधीच नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी महाडच्या कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हा दावा चालला दहा वर्षं. महाडच्या कोर्टात १९३१ ला निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, अपील ठाण्याला गेलं, तिथेही तोच निकाल कायम राहिला, आणि मग १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने शेवटचा निवाडा दिला. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड, म्हणजे ज्यांनी १९२२ ला अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावली तेच.

वाद काय होता? तळं खाजगी की नगरपालिकेचं, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा खरोखर अनादि काळापासूनची आहे का. प्रथा तशी सिद्ध झाली नाही म्हणून वादी हरले. आता विचार करा, हे सिद्ध व्हायचं की नाही ते कुठे ठरलं? महाडला. कागद तिथे दाखल झाले, साक्षी तिथे झाल्या. हायकोर्टासमोर जाते ती खाली तयार झालेली फाईल. वर कितीही नावाजलेला वकील द्या, खालचा पुरावा कच्चा असेल तर तोही हात वर करतो. तालुक्याच्या वकिलाला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

आणि बाबासाहेब स्वतः? १९१६ ला ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अर्धवट सोडून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने उसने दिले, आणि १९२० ला पुन्हा गेले. १९२३ ला मुंबईत वकिली सुरू केली. एवढी मोठी पदवी, पण मूळ शाखेचं काम सॉलिसिटरच्या हातात, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. लंडनचं दार उघडलं तरी मुंबईतलं दार जातीने लावून घेतलेलं होतं. त्यांचे अशील होते ते गरीब, खेड्यापाड्यातले लोक. पुढे १९३५ ते ३८ ते गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि त्याच काळात, १९३७ ला, कोकणातली खोती रद्द करण्याचं बिल त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडलं. आपल्या भागातल्या कुळांच्या सातबाऱ्यामागे हा सगळा इतिहास आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप त्या वेळी चालूच होता.

मुलींच्या बाबतीत तर 'कुठे अर्ज करायचा' याआधी 'अर्ज घेणार का' हाच प्रश्न होता. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या, शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८९२ ला ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं. परत येऊन १८९७ ला मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी. केली, तरी सनद नाही. बायकांना वकिली करता येईल असा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. सगळ्या परीक्षा देऊन झाल्यावर तीस वर्षं दाराबाहेर! "मुलगी आहे, एवढ्या लांब कशाला पाठवायची, बी.ए. करू दे" असं आजही कोणी म्हणालं की मला या बाई आठवतात.

लांबचा प्रश्न थोडा सुटला तो १९२४ ला. इंडियन लॉ सोसायटीने पुण्यात लॉ कॉलेज काढलं, जगन्नाथ रघुनाथ घारपुरे पहिले प्राचार्य. आपण आज आयएलएस म्हणतो ते. सातारा, कोल्हापूरकडच्या मुलांना मुंबईचा खर्च टळला. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड हे पुढे सरन्यायाधीश झालेले दोघेही तिथले, यशवंतराव चव्हाणही तिथेच एल्एल.बी. झाले. कॉलेज जवळ आलं की माणसं कुठून कुठे पोचतात याचा यापेक्षा चांगला दाखला मला सुचत नाही. आपल्या जिल्ह्याला मात्र पुणे घाटापलीकडे, त्यामुळे आपलं तोंड मुंबईकडेच राहिलं. आणि ज्यांना झेपलं ते लंडनला. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे अंतुले लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले, आमदार झाले, मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्याच काळात १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला.

तोवर वकिलांच्या प्रतवाऱ्या कायद्याने संपल्या होत्या. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने सगळे ॲडव्होकेट. मुंबईच्या मूळ शाखेतली सॉलिसिटर आणि ॲडव्होकेटची सक्तीची जोडीही १९७७ पासून गेली. आज रोह्याच्या कोर्टात उभा राहणारा आणि हायकोर्टात उभा राहणारा, दोघांच्या सनदेत काडीचा फरक नाही.

मग १९८७ ला बेंगळुरूला नॅशनल लॉ स्कूल निघालं, बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेऊन. त्या धर्तीवर राज्याराज्यांत राष्ट्रीय विधी विद्यापीठं झाली, २००८ पासून त्यांची सामाईक परीक्षा, क्लॅट. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी विद्यापीठं आहेत. माझ्या मते जुनी बॅरिस्टर आणि वकील ही वाटणी इथे वेगळ्या कपड्यात परत आली. राष्ट्रीय विधी विद्यापीठातून निघालेली बरीच मुलं मोठ्या लॉ फर्म, कंपन्या, दिल्लीकडे जातात. फी वर्षाला लाखांत. आणि क्लॅट फक्त इंग्रजीत, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. राज्याची सीईटी मात्र इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असते, गुण कापत नाहीत. अष्टमीच्या मराठी शाळेत किंवा उर्दू शाळेत शिकलेल्या मुलासाठी हा फरक केवढा आहे ते मी सांगायला नको. हुशारी सारखी असली तरी दोघांची सुरुवातीची रेषा वेगळी.

भाषेचं आणखी एक. राज्यातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी आहे. हायकोर्टाची इंग्रजी. पण आमच्याकडे येणारे दावे कसले? वारस नोंद, वाटप, खारजमिनीचा बांध, कुळाची नोंद, भूसंपादनाचा वाढीव मोबदला, चेक न वटणे, नवरा-बायकोची पोटगी. यात फेरफार वाचता येणारा, गाववाल्याची साक्ष त्याच्या भाषेत काढून घेणारा, स्वच्छ मराठीत कैफियत लिहिणारा वकील लागतो. पाच वर्षं वातानुकूलित वर्गात कंपनी कायदा शिकून हे येत नाही. तसंच, नुसतं हे येत असेल तर उद्या हायकोर्टात इंग्रजीत अर्ज मांडताना घाम फुटतो, हेही तितकंच खरं.

म्हणून विचारणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो: पोरीला उभं कुठे राहायचंय? रोहा, माणगाव, अलिबागच्या कोर्टात काम करायचं असेल तर अलिबागचं ॲड. दत्ता पाटील लॉ कॉलेज किंवा नवीन पनवेलचं भागूबाई चांगू ठाकूर लॉ कॉलेज यांना नाक मुरडायचं काही कारण नाही. दोन्ही मुंबई विद्यापीठाची. अलिबागला चणेरा-रेवदंड्यावरून एसटीने जाता येतं, पनवेलला रोह्याहून गाडी आहे. त्यात वेळ फार मोडतो हे खरं, पण घर सुटत नाही, आणि सुट्टीत इथल्या एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे बसता येतं. ते बसणं मी कॉलेजच्या नावापेक्षा वरचं धरतो. हायकोर्टात जायचं असेल तर मुंबईच गाठा, गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. सरकारी असल्याने फी फार नाही, मुंबईत राहण्याचा खर्चच त्याहून जड जाईल, त्याची सोय आधी बघा.

इथे एक ताजी गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिकडे गेले. रायगड गेला नाही. आपली अपिलं मुंबईलाच. त्यामुळे खेड-चिपळूणच्या मुलाने काय ठरवावं आणि आपण काय ठरवावं यात आता फरक पडलाय. तिकडच्या नातेवाइकाचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

कंपनी, मोठी फर्म, दिल्ली हे स्वप्न असेल आणि इंग्रजी पक्कं असेल तर क्लॅट जरूर द्या, पण अकरावीपासून तयारी हवी. ती परीक्षा हल्ली डिसेंबरात होते, म्हणजे फॉर्मची मुदत बारावीच्या परीक्षेआधीच संपते. निकालानंतर चौकशीला येणारे पालक दरवर्षी भेटतात, तेव्हा गाडी सुटलेली असते. क्लासच्या फ्लेक्सवर लिहिलंय म्हणून 'एनएलयू नाही तर लॉ नाही' असं मात्र मुलांच्या डोक्यात भरवू नका. कर्ज काढून फी भरायची आणि मग हप्त्यांसाठी न आवडणारी नोकरी धरायची, असला हिशोब मावजी दव्यांनीही नामंजूर केला असता.

न्यायाधीश व्हायचंय म्हणणारी मुलं आपल्याकडे बरीच आहेत, मुली तर जास्तच. त्यांच्यासाठी मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल महत्त्वाचा आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसायला आता किमान तीन वर्षं वकिली हवी. म्हणजे पदवी मिळाली की थेट परीक्षा हा रस्ता बंद. त्या तीन वर्षांत नव्या वकिलाच्या हातात पैसे जवळपास येत नाहीत, हे कोर्टाच्या पायरीवर रोज दिसतं. घरच्यांनी पाच वर्षांच्या फीबरोबर ही तीन वर्षंही धरूनच हिशोब मांडावा. दिलासा इतकाच की सनदेची नोंदणी फी २०२४ च्या निकालाने साडेसातशे रुपयांवर आली, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे. पूर्वी बार कौन्सिल हजारो घेत. शिवाय बार कौन्सिलची परीक्षा, एआयबीई, ती मराठीतूनही देता येते.

शेवटचं, आणि हे पालकांनी नीट वाचा. २०२४ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. कॉलेजात ओळख लावून मॅनेजमेंटची सीट घेतली की ही सवलत गेली. त्यामुळे कॅपचा फॉर्म भरताना कॉलेजांचा पसंतीक्रम घाईत भरू नका, पहिली यादी लागल्यावर घाबरून बाहेरून सीट घेऊ नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल हे सगळं आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा. जून-जुलैत सेतूच्या रांगेत पावसात उभं राहायची पाळी येते, आणि तोवर कॅपची फेरी निघून जाते.